डोंगरीचा रकाना

वेगाचं वेड आमच्या ऑफिसात एकट्या सरांना होतं आणि त्याचा त्रास बाकी सगळ्यांना. कुठला रिक्षावाला स्टेशनावरून लवकर पोचवतो, कुठल्या दुकानात बिल पटकन निघतं, यावर ते मनापासून बोलायचे. त्यामुळे त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, दोन्ही सिस्टिम लावून बघा, कुठली फास्ट आहे ते तक्ता करून द्या," तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांची हौस आणि माझं काम, एवढंच वाटलं.

ऑफिस म्हणजे भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला एक गाळा. शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्या कीबोर्डवर कायम काळपट धूळ असते. आम्ही मोजकी माणसं भांडीवाल्यांसाठी आणि हार्डवेअरच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. मी जेसल पार्कातून चालत येते. घरचे मला तापट म्हणतात, ऑफिसातले 'स्ट्रिक्ट' म्हणतात, अर्थ एकच.

हे सिस्टिमचं प्रकरण काय ते आधी सांगून टाकते. चार-पाच जण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा कोणी कधी काय बदललं हे सांभाळणारी यंत्रणा लागते. जुन्या पद्धतीत ती ऑफिसातल्या एकाच मशीनवर असायची आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. नव्या पद्धतीत प्रत्येकाकडे सगळंच असतं, आजचा कोडही आणि पहिल्या दिवसापासूनचा इतिहासही. पहिल्यांदा ती सगळी प्रत उतरवून घ्यायची, त्याला क्लोन म्हणतात. एकदा ती आपल्याकडे आली की पुढे फक्त बदल ये-जा करतात, आणि ते चिमूटभर असतात. आमच्याकडे या नव्या जातीतलीच, मर्क्युरियल नावाची यंत्रणा होती. नुकत्याच मिळालेल्या मोठ्या गिऱ्हाइकाचं म्हणणं होतं की गिट वापरा. सरांना कोणी सांगितलं म्हणून काही करणं आवडत नाही. "ते म्हणतात म्हणून नाही," ते म्हणाले, "फास्ट असेल तर बदलू."

मी उठले तेव्हा त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाची अट होती की प्रत्येकाने, तो जिथे बसून काम करतो तिथून, कोरी प्रत स्वतः उतरवून, म्हणजे क्लोन करून, दाखवायची. पेनड्राइव्हवर कोड न्यायचा नाही, सुरक्षेच्या दृष्टीने. "ज्याला जमणार नाही त्याने इथे येऊन बसायचं. तेव्हा तक्त्यात डोंगरीचा पण एक रकाना ठेवा."

मी पुन्हा खुर्चीत बसले. डोंगरी म्हणजे आमच्यातली एक मुलगी. ती उत्तनच्या बाजूच्या डोंगरी गावात राहते म्हणून ऑफिसात सगळे तिला गावाच्याच नावाने ओळखायचे. मला ती ताई म्हणते. बिलातली कराची आकडेमोड, पैशांचं राउंडिंग, परत आलेल्या मालाचा हिशेब, असं सगळं किचकट काम तिच्याकडे. तिच्या हाताखालून गेलेलं काम मी पुन्हा तपासत नसे, आणि मी कोणाचंही काम पुन्हा तपासते. लॉकडाऊनमध्ये सगळे घरून काम करायला लागलो, त्याच काळात तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. लॉकडाऊन उठला, आम्ही परतलो, ती घरीच राहिली. वडील चांगले उंचपुरे. त्यांना कुशीवर वळवायला, उठवून बसवायला दोन माणसं लागायची. घरात माणसं दोनच, ती आणि आई. म्हणजे सरांना तक्ता हवा होता, पण त्या एका रकान्यावर तिची नोकरी होती.

आधी ऑफिसातलं मोजून घेतलं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तीच गोष्ट दुसऱ्यांदा केली की मशीनला ती आठवत असते, त्यामुळे नंतर धावणारा आपोआप जिंकतो. म्हणून मी क्रम उलटसुलट करून मोजलं. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगत बसतो, तो बंद करून आणि चालू ठेवून मोजलं. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "काय ताई, पीएचडी करतेयस काय?" मी म्हटलं, "तू तुझं बघ." शेवटी निघालं काय, तर नोंद करणं, जुनं काढून बघणं, दोघांचे बदल एकत्र करणं, यात कुठे गिट डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुढे, कुठे मर्क्युरियल तितकीच पुढे. सरांसारख्या माणसालाही त्यावर खूश होता येणार नाही, इतका बारीक फरक.

खरा वेळ जात होता तो क्लोनला, आणि तोही दोन्हीकडे. ऑफिसच्या तारेवरसुद्धा चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचे तरी तो चालूच. आमचं सॉफ्टवेअर काही एवढं मोठं नाही. मग एवढं वजन कशाचं, म्हणून मी आत शिरले आणि 'दसरा' नावाच्या फोल्डरपाशी येऊन थांबले.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनांची पूजा होते. कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार, मग पेढे. हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे त्यात एक भर होती. सरांचे मोठे भाऊ, ज्यांनी हे ऑफिस काढलं आणि सॉफ्टवेअरचा पहिला कोड लिहिला, त्यांनी प्रथा पाडली होती की पूजा झाली की त्या दिवसाची संपूर्ण प्रत यंत्रणेत चढवायची. सगळ्या गिऱ्हाइकांचे सेटअप, नमुन्याचा डेटा, फॉन्ट, मागच्या पूजेचे फोटोसुद्धा, सगळं एकत्र बांधून. ती चढली की नवीन वर्षाचं काम सुरू. मोठे भाऊ कोविडमध्ये गेले. तेव्हापासून सर स्वतः ती प्रत चढवतात, चपला काढून. मीही दर वर्षी हात जोडून तिथे उभी असते आणि त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. आता दिसलं की क्लोन करणाऱ्या प्रत्येकाला आमचा थोडासा कोड आणि त्याच्याबरोबर आजवरचे सगळे दसरे उतरवून घ्यावे लागत होते.

एका सकाळी मी भाईंदर पश्चिमेहून बस धरून डोंगरीला गेले. राईच्या पुढे बस रिकामी होत गेली. तिचं घर रस्त्यापासून आत, टेकडीला टेकून आहे. मोबाइलला रेंज फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीत येते, म्हणून तिथे तांदळाच्या डब्यावर फोन ठेवलेला आणि त्याच्या हॉटस्पॉटवर तिचा लॅपटॉप चालायचा. वायफायची तार त्या गल्लीत आलेली नव्हती. वायफायवाल्याला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अगले महिने हो जाएगा." ती हसली. "ताई, तो मला दोन वर्षं हेच सांगतोय."

तिच्या रोजच्या कामाला ती रेंज पुरत होती. तिचे बदल चिमूटभर असायचे आणि ते रखडत का होईना पोचायचे. पण आता कोरी प्रत हवी होती. आधी मर्क्युरियलने करून पाहिलं, मग गिटने. या दोघींची एक खोड सारखी आहे. क्लोन मध्येच तुटला की जिथे तुटला तिथून पुढे जात नाही, पुन्हा पहिल्यापासून. गिटमध्ये थोडासाच इतिहास उतरवायची सोय असते, तीही करून पाहिली. पण दसऱ्याचा फोल्डर आजच्या प्रतीतही असल्यामुळे तो आलाच. अर्ध्यापर्यंत जायचं आणि रेंज गळायची. वडिलांना काही लागलं की ते स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटायचे, कारण बोलणं नीट फुटत नव्हतं. ती उठून जायची, आईबरोबर त्यांना वळवायची, हात पुसत परत यायची आणि पडद्याकडे न बघताच विचारायची, "तुटलं?" मी म्हणायची, "तुटलं."

दुपारी तिच्या आईने भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. "न्हाय होत काय?" आईने विचारलं. लेकीने सांगितलं, "होईल गं." मी मोजायला गेले होते आणि तिथे मोजण्यासारखं काही घडतच नव्हतं.

पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. त्यावर मी ऑफिसातून सगळी प्रत घेऊन आले होते, अट माहीत असूनही. लावला, थोड्याच वेळात सगळं तिच्या मशीनवर. त्यानंतर तिने एक बदल करून पाठवला, तो लगेच ऑफिसात पोचला. "बघ," मी म्हटलं, "तुझं काम इथून चालतंय. प्रश्न फक्त पहिल्या दिवसाचा आहे." तिने मान हलवली. तिला सर माझ्यापेक्षा जास्त कळत असावेत.

तक्ता सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून सगळे आकडे वाचले, मग बोट त्या एका जागी ठेवलं.

"डोंगरीचा रकाना रिकामा का?"

"तिथे क्लोन पूर्ण होत नाही, सर."

"म्हणजे स्लो आहे."

"स्लो नाही. तुटतोय. आणि तुटतोय कारण आपण सगळे दसरे तिच्या गळ्यात बांधतोय. तो फोल्डर बाहेर काढला तर कुठूनही उतरेल. नुसतं पुसून भागणार नाही, इतिहासातूनही काढावा लागेल. पण यंत्रणा बदलताना इतिहास नव्याने लिहून घ्यायचाच आहे. एका दुपारचं काम आहे. आत्ताच सोपं आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पूजेला लावलेलं काढत नाहीत, मॅडम. आणि ते दादाचं आहे."

त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. मी पेनड्राइव्हचं सांगितलं, तर ते एकदम मालक झाले. "ते आधी नियमात बसत नाही. उद्या तिचा लॅपटॉप बिघडला तर परत तुम्ही बसने जाणार का?" मी म्हटलं, "जाईन." "असं ऑफिस चालत नाही," ते म्हणाले आणि तक्ता बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फोन करून ऑफिसात यायला सांगितलं. मला न सांगता.

ती यायला लागली. बसने भाईंदर, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून पायी. ती माझ्या शेजारी बसायची आणि फोन पालथा कधी ठेवत नसे. शेजारची एक काकू दुपारी आईच्या मदतीला यायची, म्हणजे जमेल तेव्हा यायची. आम्ही गिटवर गेलो. सगळ्यांना ते आवडलं, सरांनी सामोसे मागवले. कितीतरी आठवडे असे गेले आणि मला वाटायला लागलं, निभतंय. मग एका दुपारी आईने एकटीनेच वडिलांना उठवायचा प्रयत्न केला आणि दोघं पडली. वडिलांना फार लागलं नाही, आईचं मनगट मोडलं. फोन आला तेव्हा ही मशीनवर होती. तिने चालू काम पाठवलं, पिशवी उचलली, मला म्हणाली, "ताई, जाते." राजीनामा तिने घरून पाठवला. सर हळहळले. म्हणाले, "चांगली मुलगी होती. काय करणार, तिकडे नेटवर्कच नाही." मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. शेजारच्या कारखान्यात पॉलिशची मशीनं किंचाळत होती, ते बरंच झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडच्या एका तरुणाने बंगळुरूहून आमची प्रत उतरवून घेतली आणि व्हिडिओ कॉलवर हसत विचारलं, "सर, इतनी हेवी क्यों है? अंदर क्या रखा है?" बास, एवढंच. सर कानकोंडे झाले. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "ते काढून टाका, मॅडम, दसऱ्याचं. वेगळ्या डिस्कवर ठेवा." मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ते समजलं की नाही कोण जाणे. त्यांनी स्वतः जाऊन नवी डिस्क आणली, प्रती तिच्यावर उतरवल्यावर तिला कुंकू लावलं आणि देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवली. भावाच्या कामाचा एक कणही वाया गेला नाही. इतिहास नव्याने लिहून घ्यायचं काम मी केलं. जेवणानंतर बसले, चारच्या चहाला झालं होतं.

मला त्या दिवशी जितका संताप आला तितका क्वचितच आला असेल. एकीसाठी भावाची आठवण आडवी आली, आणि दुसऱ्याच्या एका हसण्यावर ती कपाटात मावली. सर दुष्ट नाहीत, हे मला माहीत आहे. त्यामुळे तर रागाला धड जागाही मिळेना.

त्या रविवारी मी डोंगरीची बस धरली. कोणी सांगितलं नव्हतं. मला तो रकाना भरायचा होता.

ती आता घरी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. रविवार असल्यामुळे ओटा मोकळा होता. तिची आई दारातच बसली होती, मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. "आलीस बाय? बस," म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल काही कडू नव्हतं, आणि मला ते जड गेलं. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिने आतल्या खोलीकडे मान केली आणि आवाज उतरवला. "आता जरा बोलता येतं हिच्या बाबांना, तं रोज तेच बोलतात. घर रस्त्याला बांधलं आस्तं तं पोरीची नोकरी गेली न्हाय आस्ती. मी इथं आत टेकडीपाशी बांधलं, माजंच चुकलं, बोलतात." मग पदराने तोंड पुसून ती पाणी आणायला गेली.

मी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडला. लेकीने काही न विचारता खिडकीत फोन ठेवला. क्लोन सुरू केला. दोघी शेजारी बसून बघत होतो. आकडा चढत गेला, एका जागी अडखळला, मग पुढे सरकला. आईने आणलेलं पाणी पिऊन होईपर्यंत तो पूर्ण झाला होता.

ती पडद्याकडे बघतच राहिली. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, एकदोन फाइली उघडून खरंच सगळं आलंय का ते पाहिलं. आलं होतं.

"हे कसं केलंस?" तिने विचारलं.

"दसरा बाहेर काढला."

"म्हणजे तेव्हाही झालं असतं."

"हो."

"सरांना माहीत होतं?"

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. "मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हटलं. "एका दुपारचं काम आहे, हेही सांगितलं होतं."

मला वाटलं ती चिडेल. मी असते तर काहीतरी फेकलं असतं. ती रडेल असंही वाटलं. तिने फक्त लॅपटॉप मिटला. मग अगदी हळू म्हणाली, "मी घरी सगळ्यांना रेंजचं सांगितलं, ताई. मला तसंच वाटत होतं."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि वडिलांच्या कानाशी वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "रेंजचं काय न्हाय. घर आपलं बरोबर जाग्यावर हाय."

त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण तिने ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.